चारचे बारा

“बाबा, किती गावले?”

“चार कुपे,” होडीतून उतरत गुरुदास म्हणाले.

अनुजाने तक्त्यात बारा लिहिले.

तोंडवलीच्या किनाऱ्यावरची ही शेवटची होडी. इथल्या अडतीस होड्या मिळून किती कुपा, म्हणजे सरकारी भाषेत ट्यूना, मारू शकतात याचा अंदाज काढायचे काम अनुजाकडे आले होते. मत्स्यखात्यातला तिचा साहेब पडला परगावचा. तो विचारणार आणि कानावर पडेल ते लिहिणार. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक, आणि अनुजा तर गाबिताची, दर्यावर जगणाऱ्या मासेमाराची पोर! पेटी काठोकाठ भरली तरी “दोन-चार गावले” म्हणायचे, दर्यासमोर खरा आकडा काढला की दृष्ट लागते, हे तिला बाबांनीच लहानपणी शिकवले होते. म्हणून तिनेच साहेबाला सुचवले, सांगतील त्याच्या तिप्पट धरा. साहेब बेहद्द खूश झाला. पेट्या उघडून बघायची गरज कुणालाच वाटली नाही. सदतीस होड्यांचे आकडे सकाळी तसेच रवाना झाले.

दुपारी साहेबाचा फोन आला. “तुमच्या होड्यांची ताकद भलतीच निघाली हो. समुद्राला एवढं झेपायचं नाही. निम्मे परवाने बंद करा, अशी शिफारस आजच वर पाठवली.”

 त्या निम्म्यांत बाबांची होडी असली तर? घर त्या होडीवर चालत होते. पण आकडे तर खरे होते, तिने मनाला बजावले. निदान ही एक पेटी तरी डोळ्यांनी बघावी, म्हणजे जिवाला स्वस्थता.

“बाबा, पेटी उघड. माका मोजूचे आसत.”

बाबांनी झाकण उचलले. बर्फ सगळा तसाच होता. वर चार कुपे. अनुजाने कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. हात बधिर झाला, पण पाचवा मासा काही लागला नाही.

“बाबा, तू खरो आकडो सांगलंस? दिष्ट लागाची नाय?”

बाबांनी पेटीचे झाकण लावले.

“दोन वर्सां झाली, सगळेच खरो आकडो सांगतत गो. लपवूक आदी मासो गावाक व्हयो.”