कठड्याची उंची

घराच्या डागडुजीसाठी आणि पुढच्या लाकडी ओट्यासाठी मी कंत्राटदार बोलावला. तो मापं घेताना आई अंगणात बुटकी खुर्ची टाकून बसली. “कठडा माझ्या हनुवटीखाली ठेव. लेक ऑफिसातून येताना वळणावर दिसली पाहिजे.” “मावशी, एवढ्याशा कठड्याला मांजरंसुद्धा हसतील,” तो म्हणाला. “हसू देत.” मी नेहमीसारखी चिडले. “वाट कशाला बघत बसायचं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?” त्याने आईशेजारी पट्टी उभी धरून पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या सकाळी आई उठलीच नाही. महिन्याभराने तो लाकूड घेऊन आला. पट्टीवरची खूण पाहून घुटमळला. “ताई, आता कठडा नेहमीच्या उंचीचा करू?” “खुणेएवढाच करा.” ओटा झाल्यावर मी आईच्या खुर्चीत बसले. कठड्यावरून रिकामं वळण दिसत होतं. “आई,” मी मोठ्याने म्हणाले, “तू वाट बघायचीस, ते मला आवडायचं.”