सूर्य निघाला का गं?

"तिकडं सूर्य किती वाजता निघतो गं?" छायाने विचारलं.

सुट्टीला आलेल्या भाग्यश्रीने वहीतून डोकं वर काढलं. दहिवलीच्या घराच्या पडवीत मायलेकी सकाळपासून ऑस्लोचा बेत आखत बसल्या होत्या. वर पत्र्यावर श्रावणातला पाऊस ताडताड वाजत होता. डिसेंबरात भाग्यश्रीला ऑफिसच्या कामाने तिकडे जायचं होतं. आईला बरोबर न्यायचं आणि काम आटपलं की चार दिवस शहर दाखवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची बाग, मग बोटीतून खाडी, आणि शेवटी ते नाटकगृह, ज्याच्या पांढऱ्या छपरावर माणसं चालत जातात.

"पुतळे कुठल्या देवाचे?" खाटेवरून अंबाबाईंनी विचारलं. छायाच्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, पण कान शाबूत होते.

"देवाचे नाहीत, आजी. माणसांचे. आणि सगळे उघडे."

"एवढ्या थंडीत?"

भाग्यश्री खळखळून हसली. छाया हसली नाही. "सूर्याचं सांग ना," ती म्हणाली.

भाग्यश्रीने मोबाइलवर पाहिलं. "सव्वानऊला निघतो. सव्वातीनला मावळतो."

"पण दिसतो का?"

"त्या दिवसांत ढगच जास्त. आई, आपण काय सूर्य बघायला चाललोय का?"

छायाने वही मिटली. "मग माझं तिकीट काढू नको, बाळा."

घरात सासू-सुनेचा एकच नेम होता. सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. भाग्यश्रीला ते ठाऊक होतं. मागच्या आषाढात तीन दिवस आभाळ उघडलं नाही, तेव्हा छाया मोरीच्या दाराशी चक्कर येऊन पडली होती, तेही तिने पाहिलं होतं.

"तिकडे चार दिवस उपाशी राहशील? त्यापेक्षा नेम चार दिवस सोड."

"सोडायला का तो चपला हाय?"

"पण तुला यायचंय ना?"

मिटलेल्या वहीवरून छायाने एकदा हात फिरवला आणि ती उठली. अकरा वाजले होते.

खाटेवरून रोजचा प्रश्न आला, "छाया, निघाला का गं?"

छाया पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली. पागोळ्यांची जाळी सुटली होती. समोरचा डोंगरसुद्धा दिसत नव्हता. तिने पदराने कपाळावरचे तुषार टिपले.

"निघाला, आत्याबाई. जोडा हात."

अंबाबाईंनी अंगणाकडे तोंड केलं आणि हात जोडले. ओठ पुटपुटत राहिले. भाग्यश्री आईकडे बघतच राहिली. छायाने नजर चुकवली, आत गेली, तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढून आणली आणि ताट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. हात धरून त्यांना पाटावर बसवलं.

भाग्यश्री तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली. "आई, हे रोज असंच?"

"रोज नाय. आभाळ असलं की. हळू बोल. त्या एकोणऐंशीच्या हायेत, त्यांना उपाशी ठेवू?"

"मग तूपण जेव की."

"खोटं मी बोलले ना? मग उपास माझा."

बाहेर अंबाबाईंनी पहिला घास हातात घेतला आणि त्या थांबल्या. "भागे, इकडं ये. तुझ्या आईलापण बोलव."

दोघी बाहेर आल्या.

"तिकडं फोन लागतो का गं?"

"लागतो की, आजी."

"मग झालं. छाया, तिकडं उठलीस, आंघोळ केलीस की मला फोन कर. मी सांगीन निघाला म्हणून. तू तिथनं हात जोड आणि जेव."

छायाला आता हसू आलं. "काय तरीच तुमचं, आत्याबाई. तुमाला कुठं दिसतं?"

अंबाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. पत्र्यावर पावसाची एक जोराची सर येऊन आदळली. तिचा आवाज ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"मगाशी तुला तरी कुठं दिसला?"

छायाने चमकून भाग्यश्रीकडे पाहिलं.

"डोळे गेलेत गं, पाऊस ऐकू येतो मला," अंबाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि ज्या दिवशी पाऊस, त्या दिवशी घरात एकच ताट वाजतं. तेपण ऐकू येतं."

"आत्याबाई, मी..."

"कपाटात लोकरीचे मोजे आणून ठेवलेस, साड्यांच्या खाली. हात लागला माझा. ते काय मी घालू?"

भाग्यश्रीने तोंड फिरवलं. हसू लपवायला की दुसरं काही, ते तिलाच कळलं नाही. तिने मघाशी मिटून ठेवलेली वही उचलली.

अंबाबाईंनी चाचपडत आपलं ताट थोडं बाजूला सरकवलं. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"निघाला म्हणालीस ना मला? मग बस."

छाया आत ताटांच्या फळीजवळ गेली. बराच वेळ तिथे नुसतीच उभी राहिली. अंबाबाई मान किंचित तिरकी करून बसल्या होत्या. ताटातल्या भाजीला त्यांनी बोट लावलं नाही.

मग फरशीवर दुसरं ताट टेकल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी घास उचलला.