आवाज बसलेली बंदूक

सबनीसांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाबा, ही कापली कोणी?"

मोरू अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मघाशी जीप कुंपणाशी येऊन थांबली, तेव्हाही केली नव्हती. नरपडचा हा म्हातारा तिरसट आहे, असं डहाणूत सांगितलंच होतं.

"काकड्या लोहारानं," त्याची बायको विठाबाई म्हणाली. "तलासरीला असतो. तीनदा कापली."

"तीनदा?"

"आवाज बसत जातो तिचा. नळी आखूड केली का बार मोठा होतो, साहेब."

सबनीसांना जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद. सतरा सालची पलटणीची रायफल एका बागवाल्या शेटनं चिकूच्या राखणीसाठी परवान्यासकट मोरूला मिळवून दिली होती, एवढ्या ऐकीव बातमीवर ते मुंबईहून धावत आले होते. आता बघतात तर नळी हातभर गायब, गोळीला फिरकी देणारे आतले पीळ घासून काढलेले, तोंड ठोकून कर्ण्यासारखं पसरवलेलं. अक्रोडाच्या दस्त्याच्या जागी वल्ह्याचा तुकडा खिळ्यांनी बसवलेला. दोन महायुद्धांतून धड सुटली आणि लोहाराच्या हाती मेली बिचारी. सबनीसांना खरंच वाईट वाटलं.

"चिकू राखायला एवढा मोठा बार कशाला?"

"चिकूला नाय. लडक्यासाठी. आमचा पोरगा."

सात वर्षांपूर्वी लडक्याची होडी धुक्यात गेली ती परतली नव्हती. धुक्यात वाट चुकलेल्या होडीसाठी काठावरून नुसत्या दारूचा बार काढायचा आणि होडीवाल्यानं पत्र्याचा डबा बडवून जबाब द्यायचा, ही तिथली रीत. मोरू रोज दिवेलागणीला बार काढी आणि डब्याची वाट बघी.

"जबाब येत नाय म्हंजे बार पोचत नाय, असं म्हंतात हे," विठाबाई म्हणाली. "पोचला असता तर लडक्या आलाच असता, म्हंतात."

तरी सबनीसांचा नाद सुटत नव्हता. "निदान उरलेली तरी द्या. दुसरी देतो मिळवून."

विठाबाईनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बंदूक मागतायत."

मोरूनं तिच्याकडे आणि मग पाहुण्याकडे पाहिलं. "हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात," तो कुरकुरला. "लडक्या येईस्तोवर नाय द्यायची. मग न्या फुकट."

सूर्य बुडाला तसा तो बंदूक घेऊन वाळूत उतरला. सबनीस मागोमाग गेले. विठाबाईनं कानांत बोटं घातली. सबनीसांना ते सुचलं नाही.

बार निघाला. सुरूच्या झाडांवरचे कावळे एकदम उठले, पार पलीकडच्या आगर गावापर्यंतची कुत्री भुंकायला लागली. सबनीसांचे कान गच्च बंद झाले आणि ते मटकन खाली बसले.

मोरू कानामागे तळवा धरून समुद्राकडे बघत राहिला. बराच वेळ. सगळा जीव त्या तळव्यात आला होता. मग त्यानं हात खाली घेतला आणि नळीच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"आजपण फुसकाच निघाला, अगं," तो बायकोला म्हणाला. "उद्या काकड्याकडं नेतो. आणखी वीतभर कापू."