हजेरीचं बक्षीस

उधाणाच्या दिवसांत मी शाळेत नसायचे. बाबा दारू पिऊन धक्क्याच्या खालच्या पायरीवरच आडवे व्हायचे. भरतीचं पाणी तिथवर यायच्या आत त्यांना वर ओढायला कुणीतरी पाहिजेच. बाईंना मी पोटात दुखत होतं म्हणून सांगायचे.

गैरहजर मुलांच्या घरी म्हसळ्याहून एका संस्थेच्या सुचिताताई यायच्या. एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला. "प्रांजली, खरं काय ते सांग. आपल्या दोघींतच राहील." मी सगळं सांगितलं. आईजवळही कधी बोलले नव्हते ते बोलले. ताईंनी माझं नाव न घेता बाबांना समजावलं, औषध सुरू केलं. बाबांची दारू सुटली आणि माझी शाळा सुरू झाली.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नियमित हजेरीचं बक्षीस मला मिळालं. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्याला सांगत होते, "माझी पोर हाय ती!"

मग ताईंनी माईक घेतला. मुंबईच्या पाहुण्यांना संस्थेचं काम सांगायचं होतं. त्यांनी धक्का सांगितला, पायरी सांगितली, दारू सांगितली, आमची दोघांची नावंही सांगितली. शिवाय बाबांना उभं राहायला लावलं. टाळ्या सगळ्यांत आधी ताईंनीच वाजवल्या.



दुसऱ्या दिवशी उधाणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा मी शाळेत नव्हते. इस्त्रीचा शर्ट भिजायच्या आत बाबांना वर ओढत होते.