रिकाम्या विमानातले मास्क

हवाई प्रदर्शनात हजारो लोकांसमोर कॅप्टनने ते भलंमोठं प्रवासी विमान धावपट्टीवर अक्षरशः आपटलं. विमान रिकामं होतं म्हणून निभावलं. पण तोंड दाखवायला जागा उरली नाही. मग त्याने सगळं खापर सहवैमानिक पोरीवर फोडलं.

तपासणीला म्हातारा इंजिनिअर आला, कॅप्टन सोबत होता. केबिनमध्ये धक्क्याने पडलेले ऑक्सिजनचे मास्क लोंबत होते.

"ओढल्याशिवाय यात ऑक्सिजन येत नाही, साहेब. ओढले कुणी?"

रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रत्येक मास्कची पिशवी कुणी श्वास घेत असल्यासारखी संथपणे फुगत होती, बसत होती.

इंजिनिअरने फॉर्म काढला. "उतरताना विमान कुणाच्या हातात होतं?"

कॅप्टनची मान खाली गेली. "तिच्याच."

सगळ्या पिशव्या एकदम थांबल्या. फुगलेल्याच.