पाच शब्द

गोलकीपर गवतावर उठून बसली आणि फिजिओने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "चाकू, मध, पडदा, लिंबू, खुर्ची. झालं, ताई? सोडा आता."

मागे घोळका करून उभ्या असलेल्या मुली हसल्या. "माझ्या आजीलाही पाठ झालेत ते," त्यांतली एक म्हणाली.

डोक्याला मार लागला की फिजिओ पाच शब्द सांगायची आणि थोड्या वेळाने परत विचारायची. आठवले नाहीत तर त्या दिवसापुरता खेळ बंद. विद्यापीठाने चाचणीचा छापील कागद एकदाच दिला होता. त्यावर यादी एकच. दोन वर्षं ती त्याच कागदाच्या झेरॉक्स काढत आली होती.

संघाचे प्रशिक्षक, सर, धापा टाकत पोचले. "मॅडम, अकरा मिनिटं राहिलीत. बरोबरी टिकली तरी आपण पुढच्या फेरीत. आजवर मुलींचा संघ कधी गेलाय?"

"नाही गेला."

"आणि दुसरी कीपर मनगट मोडून घरी बसलीय. मग?"

फिजिओने टॉर्च मारून पाहिला. दोन्ही बाहुल्या सारख्या. गोलच्या खांबावर आपटून आलेलं टेंगूळ कानाच्या वर, सुपारीएवढं. आज वार कोणता, समोरचा संघ कोणता, सगळं मुलीने धडाधड सांगितलं. कागदावर एकही खूण चुकीची पडेना, आणि तेच फिजिओला खुपत होतं. आपण पाठांतर तपासतोय. डोकं तपासायचं राहूनच जातंय.

तिने कागदाची घडी करून खिशात घातली.

"नीट ऐक. हे नवे शब्द आहेत." आजूबाजूला दिसलं ते ती सांगत गेली. "बादली, कुंपण, दोरी, ढग, शिट्टी. म्हण."

मुलीने म्हटले. मग फिजिओने तिला डिसेंबरपासून उलटे महिने सांगायला लावले. तेही तिने सांगितले, जरा सावकाश. रेफरी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"आता ते पाच शब्द."

"चाकू, मध, पडदा, लिंबू, खुर्ची." एका दमात. तिने मान वर करून मैत्रिणींकडे पाहिलं. "पाचही! म्हटलं नव्हतं?"

या खेपेला कुणी हसलं नाही. कॅप्टन आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"हातमोजे काढ," फिजिओ म्हणाली.

"का? पाचही बरोबर सांगितले ना!"

"काढ गं, बाळा."

सरांचा आवाज खाली आला. "मॅडम, आज हरलो तर मला वरती कारण लिहून द्यावं लागेल."

"माझं नाव लिहा."

हातमोजे बचावफळीतल्या एका मुलीला मिळाले. उसने कपडे घालून लग्नाला आल्यासारखी ती गोलात जाऊन उभी राहिली. गोलकीपरला फिजिओने बाकावर बसवलं, टेंगळावर बर्फ धरला.

"ताई, कितीला किती?"

"एकास एक."

दोन मिनिटंही गेली नसतील. "ताई, कितीला किती?"

"एकास एक," फिजिओने त्याच आवाजात सांगितलं आणि दोन्ही वेळा घड्याळ पाहून वहीत टिपून ठेवलं.

खेळ संपायला चार मिनिटं असताना एक साधा, सरपटत आलेला चेंडू नव्या कीपरच्या हातांखालून आत गेला. पलीकडच्या बाकावर एकच जल्लोष झाला. इकडे सर मटकन खाली बसले. गोलकीपरने हे सगळं पाहिलं. तिची नजर मैदानावरून हललीच नव्हती.

चेंडू पुन्हा मधोमध ठेवला गेला, शिट्टी वाजली. मुली पळू लागल्या.

"कितीला किती?" तिने विचारलं.

बाकावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. फिजिओने उत्तर द्यायला श्वास घेतला, पण तिच्याआधी सर बोलले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"एकास एक, पोरी," ते म्हणाले. "पाणी पी."