खडूचा आरसा

"तोंड भिंतीकडं कर गं, मलिका."

वेणी घालताना अम्मा असंच म्हणायची. मलिका तेव्हा सात वर्षांची, मोठ्या दुखण्यातून नुकतीच उठलेली. अम्माची बोटं केसांतून मायेनं फिरायची, पण अम्माचा चेहरा काही तिला दिसायचा नाही. पुढं अम्मा गेली. बोटांतली माया तेवढी लेकीच्या बोटांत उतरली.

कितीतरी वर्षं गल्लीतल्या बायका मलिकाच्या उंबऱ्यात तिच्याकडं पाठ करून बसत आल्या होत्या. कुणी अंबाडा घालून घेई, कुणी गजरा माळून घेई. केस सुटले की मनंही सुटत. सासूचा जाच, नवऱ्याची दारू, सारं मलिकाच्या ओंजळीत यायचं. मान वळवून 'तुझं कसं चाललंय गं' असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आता शाहूपुरीत गाळा मिळाला होता. शिलाईकाम करणारी शालूबाई अर्ध्या भांडवलाची भागीदार. कापडावर खुणा करायच्या खडूनं ती रिकाम्या गाळ्यात पार्लर मांडत होती.

"हितं खुर्ची. हितं केस धुवायचं बेसिन. वाळवायचं मशीन जुनं घेऊ, निम्म्यात मिळतंय." मग तिनं भिंतीवर मोठा चौकोन काढला. "आन् हितं आरसा."

"आरसा नगं, आक्का."

"का गं?"

"लई म्हाग. त्यापरीस दोन म्हैन्यांचं भाडं आगाव भरू."

शालूबाई खो खो हसली. "आन् बायकांनी तोंडं कुटं बघायची? रंकाळ्यात?"

मलिका हसली नाही. तिनं पदर आणखी पुढं ओढला.

शालूबाईचं हसू विरलं. "ह्यात पाटल्या मोडल्यात मी. आरशाबिगर पार्लर चालंल व्हय? खरं काय ते सांग, न्हायतर आपली भागी हितंच मोडली."

बाहेरून ट्रक गेला. गाळ्याचं शटर थरथरलं. मलिकानं सवयीनं तोंड भिंतीकडं केलं. समोर खडूचा रिकामा चौकोन होता. त्याच्याकडं बघत तिनं पदर हळूच मागं घेतला.

"गिऱ्हाइकाच्या पाठीमागं मीच हुबी असणार, आक्का," ती म्हणाली. "आरशात तिच्या तोंडाशेजारी माझं ह्ये देवीच्या वणांचं तोंड बी दिसंल की."